वॉल्ट डिस्ने : बाग फुलली, जागा अपुरी पडली



थोर व्यक्तींची चरित्रं मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा शास्त्रज्ञ, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक निवडतो. ते योग्यच आहे. पण ज्याचं चित्र मुलांच्या दप्तरावर, कंपासपेटीवर, पाण्याच्या बाटलीवर रोज असतं, त्या मिकी माऊसच्या जन्मदात्याबद्दल मुलांना काहीच माहीत नसतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही फारसं नसतं. म्हणून आज वॉल्ट डिस्ने यांच्याविषयी लिहीत आहे. त्यांचे सिनेमे मी थोडक्यात आटोपणार आहे. मला सांगायचं आहे ते त्यांनी उभारलेल्या बागेविषयी, तिथे लोटलेल्या गर्दीविषयी, आणि त्या गर्दीशी त्यांनी शेवटची अकरा-बारा वर्षं कशी झुंज दिली त्याविषयी. सुट्टीत लेकरांचा हात धरून रांगेत ताटकळलेल्या पालकांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. वडील इलायस, आई फ्लोरा. पाच भावंडांत वॉल्ट चौथा. १९०६ मध्ये हे कुटुंब मिझुरी राज्यातल्या मार्सेलीन या छोट्या गावी शेती करायला गेलं. गावातून रेल्वे जायची. झाडं, जनावरं, आगगाडीची शिट्टी, हे सगळं त्या पोराच्या मनात कायमचं बसलं. घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबरानं चित्रं काढल्याबद्दल बोलणीही खाल्ली. (चित्र काढणाऱ्या मुलाला पहिली भिंत घरचीच सापडते, हे आपण शिक्षक मंडळी जाणतोच!)

शेती काही चालली नाही. वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं आणि १९११ च्या सुमारास सगळे कॅन्सास सिटीत आले. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रं वाटण्याचा धंदा घेतला आणि वॉल्ट व त्याचा मोठा भाऊ रॉय यांना कामाला लावलं. पहाटे साडेतीनला उठायचं, बर्फात घरोघर पेपर टाकायचे, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा संध्याकाळचा पेपर. सुमारे सहा वर्षं हे चाललं. पगार म्हणून हातात काही नाही. वॉल्ट वर्गात डुलक्या घ्यायचा. एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेला अशी स्वप्नं त्यांना मोठेपणीही पडत. अनेक चरित्रांत याला मेहनतीचे संस्कार म्हटलेलं असतं. मला तसं म्हणवत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची झोप मोडून केलेली ती कमाई होती. आपल्या वर्गातही पहाटे दूध घालून किंवा भाजीच्या टोपल्या उतरवून आलेली मुलं डुलक्या घेतात, तेव्हा आधी हे आठवावं.

शाळेत मात्र काही चांगली माणसं भेटली. पाचवीत असताना हा मुलगा अब्राहम लिंकनसारखी टोपी आणि दाढी लावून आला आणि लिंकनचं प्रसिद्ध भाषण म्हणून दाखवू लागला. मुख्याध्यापकांनी त्याला रागे भरलं नाही. उलट त्याला हाताशी धरून प्रत्येक वर्गात नेलं आणि भाषण करायला लावलं. पुढे साठीच्या उंबरठ्यावर वॉल्ट यांनी यंत्राचा बोलता, उठून उभा राहणारा लिंकन तयार करून घेतला. त्याचं मूळ या शाळेतल्या फेरीत असावं असं मला वाटतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. पहिलं महायुद्ध संपता संपता ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून फ्रान्सला गेले. परत येऊन कॅन्सास सिटीत जाहिरातींची चित्रं काढली, १९२२ मध्ये स्वतःची कंपनी काढली, ती १९२३ मध्ये बुडाली. मग हॉलीवूड गाठलं आणि रॉयसोबत स्टुडिओ सुरू केला. १९२८ मध्ये त्यांचा लोकप्रिय ससा ऑस्वाल्ड करारातल्या त्रुटीमुळे हातचा गेला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला मिकी माऊसचा बोलपट पडद्यावर आला. १९३७ च्या डिसेंबरमध्ये हिमगौरीचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला आणि पैसा धो धो आला.

इथे एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. त्या पैशातून बरबँक येथे मोठा स्टुडिओ बांधला गेला. पूर्वी लहान जागेत सगळे एकमेकांना नावानं ओळखायचे. आता माणसं हजारावर गेली. पगारात तफावत, कामाच्या श्रेयावरून नाराजी, आणि मालकाला भेटणं अवघड. १९४१ च्या मे महिन्यात चित्रकारांनी संप केला. वॉल्ट यांनी तो मनाला फार लावून घेतला आणि संपकऱ्यांशी ते कडवटपणे वागले. पुढे १९४७ मध्ये सरकारी चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्यांनी या संपामागे कम्युनिस्टांचा हात असल्याचं सांगितलं. मुलांसाठी गोड सिनेमे काढणारा माणूस कामगारांशी गोडच वागेल असं नसतं. आपलं काम वाढलं की आपल्याच माणसांशी असलेलं नातं कसं ताणलं जातं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा इथे दिसलं.

आता बागेकडे येऊ.

वॉल्ट यांना दोन मुली, डायेन आणि शॅरन. रविवारी ते दोघींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसवायला न्यायचे. मुली घोड्यावर आणि बाप बाकावर! त्या काळातल्या करमणुकीच्या बागा बऱ्याचदा कळकट असायच्या. कचरा पडलेला, कामगार तोंडाळ, आणि आईबापांना करण्यासारखं काहीच नाही. मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी स्वच्छ जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर सुरू झाला. त्यांना आगगाडीचंही वेड होतं. १९५० मध्ये त्यांनी घराच्या अंगणात बसून चालवता येईल अशी छोटी वाफेची गाडी टाकली. १९५१ मध्ये कोपनहेगनची टिवोली बाग पाहिली, तिथली फुलं आणि स्वच्छता त्यांना भावली.

सुरुवातीला स्टुडिओसमोरच्या लहानशा जागेत बाग करायचा बेत होता. बरबँकच्या नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. जत्रेचा गोंगाट गावात नको, असं त्यांचं म्हणणं. इकडे भाऊ रॉय पैशाच्या बाजूनं कुरकुरत होते. वॉल्ट यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढलं, सुट्टीतलं घर विकलं. शेवटी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीनं ५ लाख डॉलर घातले आणि कर्जाला हमी दिली. बदल्यात वॉल्ट यांनी दर आठवड्याला कार्यक्रम द्यायचा. बाग उभी राहण्याआधीच घराघरांतली मुलं तिची वाट बघू लागली.

जागा निवडायला त्यांनी हॅरिसन प्राइस या आकडेमोडीत हुशार माणसाला नेमलं. लोकवस्ती कुठे सरकते आहे, नवा महामार्ग कुठून जाणार आहे, पाऊस आणि ऊन किती, हे सगळं मोजून प्राइस यांनी अनाहाइम हे गाव सुचवलं. तिथे संत्र्याच्या बागा होत्या. १६० एकर जमीन घेतली. त्यातली जवळपास १०० एकर मोटारी लावायला गेली, १२ हजारांवर मोटारी मावतील एवढी. उरलेल्या साठेक एकरांत बाग. जुन्या करमणूक बागांच्या मालकांना आराखडा दाखवला तर त्यांनी तो पार मोडीत काढला. प्रवेशद्वार एकच, बिअर विकणार नाही, आणि पैसे न मिळवून देणाऱ्या शोभेच्या गोष्टीच जास्त. हे चालणार नाही, असं त्यांचं ठाम मत पडलं.

जुलै १९५४ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि बरोबर वर्षानं, रविवार १७ जुलै १९५५ ला, डिस्नेलँडचं उद्घाटन. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. त्या दिवशी काय झालं ते नीट सांगतो, कारण कोणताही मोठा कार्यक्रम ठरवणाऱ्याला ते माहीत असावं.

तो दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण निमंत्रण पत्रिकेच्या बनावट प्रती निघाल्या. २८ हजारांहून जास्त माणसं आत शिरली. कुंपणाला शिडी लावून कुणी तरी माणशी पाच डॉलर घेत होता असंही सांगतात. महामार्गावर मोटारींची रांगच रांग. ऊन शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपले ३८ अंश. काही ठिकाणचं डांबर आदल्या रात्री टाकलेलं, त्यात बायकांच्या टाचा रुतू लागल्या. नळ जोडणाऱ्या कामगारांच्या संपामुळे वेळ कमी पडला होता, तेव्हा शौचालयं पूर्ण करायची की पिण्याच्या पाण्याचे नळ, असा प्रश्न आला. वॉल्ट यांनी शौचालयं निवडली. माझ्या मते निर्णय बरोबर होता. पण तहानलेल्या लोकांना वाटलं की शीतपेय खपवायला पाणी बंद ठेवलंय. खाद्यपदार्थ संपले. गॅसची गळती झाली म्हणून एक भाग बंद करावा लागला. मार्क ट्वेनच्या नावाच्या बोटीत इतकी माणसं चढली की डेकवर पाणी आलं. आणि हे सगळं चालू असताना दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण! वॉल्ट कॅमेऱ्यासमोर हसतमुखानं फिरत होते, त्यांना बऱ्याच गोंधळाची कल्पना दुसऱ्या दिवशी पेपर वाचून आली. कंपनीतले लोक पुढे या दिवसाला काळा रविवार म्हणू लागले.

आता मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते इथून पुढे. ते घरी बसले नाहीत. अग्निशमन केंद्राच्या वर त्यांनी स्वतःसाठी छोटीशी खोली ठेवली होती, तिथे मुक्काम करायचा आणि बागेत फिरायचं. रांगेत सामान्य माणसासारखं उभं राहायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. कचरापेट्या जवळजवळ ठेवल्या, म्हणजे हातातला कागद टाकायला माणसाला लांब जावं लागू नये. लोकांनी गवतातून पायवाट पाडली तर तिथे कुंपण घालू नका, रस्ता करा, असा त्यांचा खाक्या होता असं सांगतात. कामगारांना वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. येणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं.

रांगेचंही त्यांनी शास्त्र केलं. सरळ लांबलचक रांग दिसली की माणसाचा धीर सुटतो. ती नागमोडी वळवली की कमी जागेत मावते, सतत पुढे सरकल्यासारखं वाटतं आणि समोरचे चेहरेही बदलत राहतात. आपल्याकडे देवस्थानात दर्शनबारीला कठडे लावतात ना, अगदी तसंच. तिकिटांचंही बघा. सुरुवातीला आत यायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे. तीन महिन्यांत तिकिटांचं पुस्तक निघालं. त्यात लहान खेळांसाठी ए, मोठ्यांसाठी बी, सी, आणि पुढे १९५९ पर्यंत डी, ई अशी वर्गवारी झाली. पुस्तकात मोठ्या खेळांची तिकिटं मोजकीच. मग माणूस उरलेली तिकिटं वाया नकोत म्हणून लहान खेळांकडे वळायचा आणि गर्दी आपोआप पांगायची. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं खुलं झालं. तेव्हापासून सगळ्यांची धाव मोठ्या खेळांकडे. गणिताच्या तासाला चर्चेला घ्यावा असा विषय आहे हा.

गर्दी मात्र थांबायचं नाव घेईना. सात आठवड्यांत १० लाख माणसं आली. १९५७ संपेपर्यंत आकडा १ कोटीवर गेला. १९५९ मध्ये एकाच झटक्यात बर्फाचा डोंगर, पाणबुड्या आणि मोनोरेल अशी मोठी भर घातली. त्यामुळे आणखी लोक आले. विस्तार केला की गर्दी कमी होते असं वाटतं, पण इथे प्रत्येक विस्तारानं गर्दी वाढवली.

आणि भिंतीबाहेर? १९५० मध्ये अनाहाइमची वस्ती साडेचौदा हजार होती, १९६० मध्ये ती एक लाखाच्या वर गेली. संत्र्याच्या बागा तुटल्या. बागेला लागून लॉज, खानावळी, पेट्रोल पंप आणि रंगीत दिव्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या. आजूबाजूची जमीन घेऊन ठेवायला वॉल्ट यांच्याकडे पैसेच नव्हते. डिस्नेलँड नावाचं हॉटेलसुद्धा दुसऱ्याच उद्योजकानं बांधलं होतं. आतला प्रत्येक दगड ठरवून लावला आणि बाहेर हा बाजार. वॉल्ट यांना हे कायम सलत राहिलं. बाहेरच्यांना दोष देऊन उपयोग नव्हता म्हणा. गर्दी त्यांनीच आणली होती, पोट भरायला इतर लोक येणारच.

१९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांनी चार कार्यक्रम केले. लिंकनचा यंत्रपुतळा त्यातलाच. पण महत्त्वाची होती ती जगातल्या मुलांच्या बाहुल्यांमधून जाणारी बोटींची सफर. बोटी पाण्याच्या प्रवाहावर एकामागून एक सरकत राहतात, त्यामुळे तासाला खूप माणसं जातात. (मुलांना करून बघू द्या: एका बोटीत २० जण, दर अर्ध्या मिनिटाला एक बोट, तर तासाला किती जण?) अमेरिकेच्या पूर्वेकडचे लोकही आपल्या गोष्टींना गर्दी करतात याची खात्री त्यांना तिथे पटली.

मग फ्लोरिडा. २२ नोव्हेंबर १९६३ ला वॉल्ट यांनी विमानातून ऑरलँडोजवळची दलदल आणि तिथे मिळणारे महामार्ग पाहिले. विमान न्यू ऑर्लीन्सला उतरलं तेव्हा अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी कळली. पुढच्या दोन वर्षांत वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप जमीन घेतली गेली. एकरी सरासरी दोनशे डॉलरसुद्धा पडले नाहीत. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑरलँडोच्या पेपरनं खरेदीदाराचं नाव फोडलं आणि भाव आकाशाला भिडले. तोवर २७ हजारांहून जास्त एकर हाती आली होती. म्हणजे अनाहाइमच्या सुमारे १७० पट. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापेक्षाही थोडी जास्तच. विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूनं विचार केला तर हा व्यवहार मला सरळ वाटत नाही. कायद्यानं चूक नसेल, पण घेणारा कोण हे कळलं असतं तर त्यांना चार पैसे जास्त मिळाले असते.

तिथे त्यांना नुसती बाग नको होती. २० हजार लोकांचं एक नवं शहर वसवायचं होतं. मध्यभागी घुमटाखाली बाजार, मोटारी जमिनीखाली, ये-जा करायला मोनोरेल आणि सतत चालणाऱ्या छोट्या गाड्या. गर्दीचं जे गणित बागेत सुटलं ते शहरालाही लागू पडेल असा त्यांचा विश्वास होता. मात्र त्या शहरात कुणाच्याही मालकीचं घर नसणार, आणि कारभारात रहिवाशांना मत नसणार. नागरिकशास्त्र शिकवणारे शिक्षक इथे नक्की अडखळतील. बागेतल्या पाहुण्याला मताचा हक्क लागत नाही, नागरिकाला लागतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग नावाच्या डोंगरखोऱ्यात बर्फावर खेळायचं मोठं केंद्र काढायची परवानगी त्यांच्या कंपनीला मिळाली. साडेतीन कोटी डॉलरचा बेत, रोज १४ हजार माणसं सामावतील एवढा. सप्टेंबर १९६६ मध्ये तिथे पत्रकारांना भेटायला वॉल्ट आले तेव्हा चेहरा ओढलेला होता. ही त्यांची शेवटची पत्रकार परिषद. त्या खोऱ्याचं काय झालं तेही सांगतो. सिएरा क्लब ही निसर्गप्रेमींची संस्था कोर्टात गेली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संस्था हरली, पण काम रखडलं ते रखडलंच आणि १९७८ मध्ये खोरं राष्ट्रीय उद्यानात सामील झालं. तिथे गर्दी पोहोचलीच नाही.

वॉल्ट आयुष्यभर सिगारेट ओढत. नोव्हेंबर १९६६ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात १५ डिसेंबर १९६६ ला ते गेले. पासष्टी पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. आदल्या रात्री पलंगावर पडल्या पडल्या छताच्या चौकोनांवर बोट फिरवून ते फ्लोरिडाचा नकाशा समजावत होते, असं रॉय यांनी नंतर सांगितलं.

ज्या रॉयनी पैशावरून हात आखडता घेतला होता, त्यांनीच निवृत्ती पुढे ढकलून ते काम पूर्ण केलं. भावाचं पूर्ण नाव त्या जागेला दिलं, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. उद्घाटन मुद्दाम १ ऑक्टोबरला ठेवलं, १९७१ साली. शाळा सुरू, पर्यटक कमी, म्हणजे काळा रविवार पुन्हा नको. पहिल्या दिवशी साधारण १० हजारच माणसं आली, तेव्हा शहाणपण कामी आलं म्हणायचं. पण नोव्हेंबर अखेरच्या सुट्टीत मोटारी मैलोगणती अडकल्या आणि दारं बंद करावी लागली. २० डिसेंबर १९७१ ला रॉयही गेले.

ते शहर काही वसलं नाही. १९८२ मध्ये त्याच नावानं आणखी एक बाग उघडली, मग १९८९ मध्ये तिसरी, १९९८ मध्ये चौथी. इकडे अनाहाइममध्ये जागा उरली नव्हती, तेव्हा २००१ मध्ये मोटारींच्या त्या १०० एकरांच्या मैदानावर दुसरी बाग उभी राहिली आणि मोटारींसाठी बहुमजली इमारत बांधावी लागली.